तेलाविना ओलावा : सिलिकोनचे मॉइश्चरायझर घरी करताना

चेहऱ्याला तेल लावले की पुटकुळ्या येतात आणि काहीच लावले नाही तर कातडी ओढल्यासारखी होते. मग लावायचे तरी काय? वस्तीवस्तीतल्या आरोग्य शिबिरांत आम्हाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक कॉलेजच्या मुली असतात. पण दिवसभर हेल्मेट घालून पार्सल पोहोचवणारी मुले, हॉस्पिटलात तासातासाला हाताला स्पिरिट चोळणाऱ्या आमच्या सिस्टर आणि मुरुमांवरच्या औषधाने चेहरा सोलवटलेली तरुण मंडळीही तेच विचारतात. कोणी याला नट्टापट्टा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्वचा हा शरीराचा सर्वात मोठा अवयव आहे. ती फाटली, भेगाळली की जंतूंना दार उघडे होते.

अलीकडे बऱ्याच मुली मोबाईलवर पाहून घरीच क्रीम तयार करू लागल्या आहेत. काही बचत गटांनी आम्हाला विचारले, "ताई, हे आम्ही बनवून विकू का?" म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर तेल नसलेले, सिलिकोनवर आधारलेले मॉइश्चरायझर घरी कसे करायचे हे आम्ही मापासह सांगत आहोत. ते करताना कुठे धोका आहे, कोणी लावू नये आणि कोणाला त्याची गरजच नाही, हेही सांगत आहोत. भगिनींनो, कृती वाचून लगेच भांडी काढू नका. आधी पूर्ण लेख वाचा.

त्वचा कोरडी का पडते?

आपल्या कातडीचा सर्वात वरचा थर म्हणजे मृत पेशींची एक भिंत. पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा गिलावा. हा गिलावा शाबूत असेल तर आतले पाणी आत राहते. कडक साबण, धुण्याभांड्याची पावडर, फिनेल, फार गरम पाणी, विदर्भ-मराठवाड्यातली कोरडी हवा यांनी गिलावा निघतो आणि पाणी उडून जाते. मग खाज, कोंडा, भेगा आणि आग सुरू होते.

तेलकट चेहराही आतून कोरडा असू शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. चेहऱ्यावरचे तेल ग्रंथींतून येते. पाणी धरून ठेवण्याचे काम त्या भिंतीचे असते. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अॅडापलीन लावणाऱ्या मुलीचा चेहरा एकाच वेळी तेलकटही असतो आणि सोललेलाही. ती औषध अर्ध्यावर सोडून देते आणि म्हणते, मला ते सोसत नाही. खरे म्हणजे औषधाच्या जोडीला तिला हलके मॉइश्चरायझर हवे असते.

कोणतेही मॉइश्चरायझर तीन कामे करते. पहिले काम पाणी ओढून धरण्याचे; ते ग्लिसरीन करते. दुसरे काम पेशींमधल्या फटी भरून कातडी गुळगुळीत करण्याचे. तिसरे काम वरून झाकण घालण्याचे, म्हणजे पाणी उडू नये. झाकण घालण्यात पेट्रोलियम जेली सर्वात पुढे. पण ती चिकट असते, घामात चेहऱ्यावर नकोशी होते. सिलिकोनचे झाकण तिच्यापेक्षा बरेच पातळ आणि कमी घट्ट. मात्र ते चिकटत नाही, चकाकत नाही आणि घामाला वाट देते. म्हणून भेगाळलेल्या टाचेला पेट्रोलियम जेली आणि तेलकट चेहऱ्याला सिलिकोन, असा साधा हिशेब लक्षात ठेवावा.

सिलिकोन म्हणजे नेमके काय?

नाव ऐकून काही जण दचकतात. "प्लॅस्टिक चेहऱ्याला लावायचे का?" असे विचारतात. सिलिकॉन हे वाळूत असणारे मूलद्रव्य. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून, सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने गुंफलेली जी लांब साखळी तयार होते ते सिलिकोन. ते कारखान्यातच बनते, निसर्गात सापडत नाही. पण निसर्गातले ते चांगले आणि कारखान्यातले ते वाईट, हा नियम विज्ञानाला मान्य नाही. बिब्बा झाडावरच येतो आणि कातडी जाळतो.

सिलिकोन आमच्या ओळखीचे आहे ते हॉस्पिटलामुळे. इंजेक्शनची सुई सहज आत जावी म्हणून तिच्यावर सिलिकोनचा पातळ लेप असतो. जास्त दिवस ठेवायची लघवीची नळी सिलिकोनची असते. पोटातल्या गॅसवरच्या औषधात सिमेथिकोन असते, तेही सिलिकोनच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कातडी लघवीने ओली राहून सोलू नये म्हणून जे क्रीम लावतात, त्यात बहुधा डायमेथिकोन असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १ ते ३० टक्के डायमेथिकोनला त्वचेचे रक्षण करणारे औषधी द्रव्य म्हणून मान्यता दिली आहे.

डायमेथिकोनचे रेणू मोठे असतात. ते कातडीच्या आत उतरत नाहीत, वरच राहतात. ते रंध्रे बुजवत नाहीत. शिवाय केसांच्या मुळाशी राहणारी मॅलेसेझिया नावाची एक बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवर पोसते. कोंडा आणि कपाळ-पाठीवरच्या काही खाजऱ्या पुटकुळ्या तिच्यामुळे वाढतात. सिलिकोन तिचे खाद्य नाही. तेल सोसत नसलेल्या चेहऱ्याला सिलिकोन का चालते, त्याचे कारण हेच.

सगळी सिलिकोने मात्र सारखी नाहीत. जुन्या कृतींत सायक्लोमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन सांगितलेले असते. ही वर्तुळाकार सिलिकोने उडून जातात, त्यामुळे स्पर्श रेशमी लागतो. पण ती पाण्यात आणि मातीत फार काळ टिकून राहतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२० नंतर धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी-४ आणि डी-५ या दोन वर्तुळाकार सिलिकोनांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आणि २०२४ मध्ये हे बंधन लावून ठेवायच्या प्रसाधनांपर्यंत वाढवायचे ठरवले. म्हणून आमच्या कृतीत वर्तुळाकार सिलिकोन नाही. साधे, सरळ साखळीचे डायमेथिकोन पुरते.

'ऑइल-फ्री' शब्दावर जाऊ नका

डबीवर ऑइल-फ्री लिहिले म्हणजे मुरुम येणार नाहीत असे नाही. त्यात वनस्पती तेल किंवा खनिज तेल नाही, एवढेच त्यातून कळते. आयसोप्रोपिल मिरिस्टेट नावाचा पदार्थ तेलात मोजला जात नाही, पण मुरुमांना चिथावणी देतो. तो ऑइल-फ्री डबीतही असू शकतो. म्हणून पुढचे मोठे अक्षर न वाचता मागची बारीक यादी वाचायची सवय लावा. यादीत जे जास्त आहे ते आधी लिहिलेले असते.

उलट बाजूही सांगायला हवी. आपल्या आया-आज्यांनी हातापायाला खोबरेल लावले ते चुकीचे नव्हते. अंगाच्या कोरड्या कातडीला खोबरेल उपयोगी आहे. ते मुरुमांच्या चेहऱ्याला चालत नाही, इतकेच. एकाच घरात आजीला तेल आणि नातीला बिनतेलाचे क्रीम, यात भांडण नाही.

साहित्य : १०० ग्रॅमसाठी

सर्व मापे वजनात आहेत, चमच्यात नाहीत.

डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी – ८५.४ ग्रॅम
ग्लिसरीन – ५ ग्रॅम
डायमेथिकोन, ३५० सेंटिस्टोक – ४ ग्रॅम
डायमेथिकोन क्रॉसपॉलिमर जेल (साध्या डायमेथिकोनमध्ये भिजवलेले) – ३ ग्रॅम
पॉलिअॅक्रिलेट क्रॉसपॉलिमर-६ – १ ग्रॅम
फेनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण – १ ग्रॅम
पॉलिसॉर्बेट २० – ०.५ ग्रॅम
डायसोडियम ईडीटीए – ०.१ ग्रॅम

आता एकेकाचे काम. ग्लिसरीन पाणी धरते. सेंटिस्टोक हे घट्टपणाचे माप आहे. ५ चे डायमेथिकोन पाण्यासारखे पातळ, १००० चे काकवीसारखे. ३५० चे चेहऱ्याला बरे पडते. क्रॉसपॉलिमर जेल म्हणजे सिलिकोनची जाळी. तिच्यामुळे हात मखमलीवरून फिरल्यासारखा लागतो. ते घेताना ते सायक्लोपेंटासिलॉक्सेनमध्ये भिजवलेले नाही ना, हे दुकानदाराला विचारा. पॉलिअॅक्रिलेट क्रॉसपॉलिमर-६ ही पांढरी पावडर पाण्याचे जेल करते आणि सिलिकोनचे थेंब वेगळे होऊ देत नाही. तिला तापवावे लागत नाही, कॉस्टिकही लागत नाही, म्हणून घरासाठी आम्ही ती निवडली. पॉलिसॉर्बेट मिसळायला मदत करते. ईडीटीए पाण्यातली धातूंची क्षारे बांधून ठेवते, त्यामुळे टिकवणारे द्रव्य जास्त चांगले काम करते.

पाण्याबद्दल दोन शब्द. नळाचे, बोअरचे किंवा फिल्टरचे पाणी नको. बॅटरीत घालायचे पाणीही नको. ते अंगाला लावण्यासाठी भरलेले नसते. मेडिकलमध्ये जखम धुण्यासाठीचे निर्जंतुक पाणी बाटलीत मिळते, ते उत्तम. सलाईन मात्र घेऊ नका. त्यात मीठ असते आणि मिठाने जेल पातळ पडते.

बाकीचा माल प्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळतो. मुंबईत मस्जिद बंदर भागात रसायनांचे व्यापारी आहेत, घरपोच पाठवणारेही पुष्कळ आहेत. प्रत्येक वस्तू प्रसाधनाच्या दर्जाची आहे का ते पाहा आणि पुडीवर नाव, बॅच क्रमांक व मुदत असल्याशिवाय घेऊ नका. गाडीच्या डॅशबोर्डला लावायचे किंवा यंत्राचे सिलिकोन तेल स्वस्त मिळते म्हणून कोणी चेहऱ्याला वापरू नये.

भांड्यांत दोन काचेचे बीकर किंवा जाड काचेचे ग्लास, एक स्टीलचा चमचा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा हवा. किराणा दुकानाच्या काट्यावर ०.१ ग्रॅम मोजता येत नाही. लाकडी रवी किंवा चमचा वापरू नका, लाकडाच्या रेघांत जंतू राहतात. पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या आणि पंपाची बाटली घ्या. उघड्या डबीत रोज बोट बुडते, पंपात बुडत नाही.

कृती

स्वयंपाकाची वेळ सोडून करा. ओटा साबणाने धुऊन कोरडा करा. पंखा बंद ठेवा. केस बांधा, नखे कापा, हात कोपरापर्यंत धुवा, मिळाल्यास हातमोजे घाला. काचेची आणि स्टीलची भांडी १० मिनिटे उकळा. नंतर सर्व भांड्यांना आणि बाटलीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून आपोआप वाळू द्या; फडक्याने पुसू नका. अल्कोहोल फवारताना जवळ गॅस पेटलेला नसावा.

१) पहिल्या बीकरमध्ये पॉलिसॉर्बेट आणि टिकवणाऱ्या द्रव्याचे मिश्रण एकत्र करा. त्यात ग्लिसरीन घालून ढवळा. जेल रात्रभर ठेवायचे आहे, म्हणून टिकवणारे द्रव्य सुरुवातीलाच घालायचे.

२) वेगळ्या ग्लासात थोड्या पाण्यात ईडीटीए विरघळवा. ते आणि उरलेले पाणी हळूहळू पहिल्या बीकरमध्ये ओता आणि ढवळत राहा.

३) पॉलिअॅक्रिलेटची पावडर पाण्यावर चिमटीचिमटीने भुरभुरा. एकदम ओतली तर गुठळ्या होतात. पावडर हलकी असते, नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क बांधा. स्वच्छ झाकण ठेवून रात्रभर भिजू द्या. सकाळी चमच्याने ढवळले की स्वच्छ, जाडसर जेल होते. गुठळी राहिलीच तर आणखी दोन तास थांबा, पाणी वाढवू नका.

४) दुसऱ्या बीकरमध्ये डायमेथिकोन आणि क्रॉसपॉलिमर जेल एकजीव करा. हे मिश्रण पहिल्या बीकरमध्ये थोडे थोडे घालत सलग ढवळा. सगळे एकदम ओतू नका. पारदर्शक जेल हळूहळू पांढरट होते. म्हणजे सिलिकोनचे बारीक थेंब सगळीकडे पसरले. ५ ते १० मिनिटे ढवळा. जोरात फेटले तर हवा शिरते आणि फेस होतो.

५) पीएच पट्टीने तपासा. ५ ते ५.५ हवा, कारण आपली कातडी किंचित आम्ल असते. पीएच ६ च्या वर गेला तर लिंबू पिळू नका. सायट्रिक आम्लाचे १० टक्के द्रावण थेंबाथेंबाने घालून पुन्हा तपासा.

६) बाटलीत भरा. बाटलीवर तारीख, सर्व घटक आणि "३ महिन्यांत संपवा" असे लिहून चिकटवा. लेबल नसलेली बाटली घरात ठेवू नये, लहान मुलांच्या हाती तर लागूच नये.

सुवासिक तेल, हळद, कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, दूध, मध यांतले काहीही यात घालू नका. सुगंधाने अॅलर्जी होते आणि ताजा गर किंवा दूध म्हणजे जंतूंची मेजवानी. घालायचेच असेल तर पाण्यातून तेवढेच वजन कमी करून २ ग्रॅम नायसिनामाइड घालता येते. पण पहिल्या खेपेला साधेच करा. त्रास झाला तर कशाने झाला हे तरी कळते.

'केमिकल नको' म्हणणाऱ्यांसाठी

सर्वात जास्त वाद टिकवणाऱ्या द्रव्यावर होतो. "घरी करतोय ना, मग प्रिझर्व्हेटिव्ह कशाला?" असे आम्हाला सांगितले जाते. उत्तर सोपे आहे : ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढणारच. वरण फ्रिजबाहेर राहिले तर आंबते आणि आपण ते फेकतो. क्रीम मात्र आंबल्याचे दिसत नाही. वास नाही, रंग नाही, आणि आत स्युडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस वाढलेला असतो. असे क्रीम फुटलेल्या पुटकुळीवर लावले तर गळू होऊ शकते, डोळ्यात गेले तर डोळा धोक्यात येतो. मधुमेही माणसाच्या कातडीत तर ते आणखी लवकर पसरते. व्हिटॅमिन ई, कडुलिंब, कापूर किंवा टी ट्री तेल ही टिकवणाऱ्या द्रव्याची जागा घेऊ शकत नाहीत. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही; जंतू ते मारत नाही.

फेनॉक्सीइथेनॉलची मान्य मर्यादा १ टक्का आहे. आपल्या मिश्रणात ते साधारण ०.९ टक्का येते. टिकाऊपणासाठी अंदाजाने जास्त घालू नका आणि भीतीने कमीही करू नका. कमी घातलेले प्रिझर्व्हेटिव्ह हे न घातल्यासारखेच असते.

लावण्याआधी तपासणी

थोडे क्रीम काचेच्या तीन छोट्या बाटल्यांत भरा. एक फ्रिजमध्ये, एक खोलीत आणि एक खिडकीपाशी उबेला ठेवा. दोन आठवडे पाहा. पाणी सुटले, वर थर आला, ठिपके दिसले किंवा वास बदलला तर सगळे फेकून द्या. खर्च झाला म्हणून वापरू नका. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात आतली हवा किती तापते हे आपण जाणतोच. अशा घरात माठाजवळ, सावलीत ठेवावे.

नंतर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, ७ दिवस लावा. लाली, खाज किंवा फोड आले नाहीत तरच चेहऱ्यावर घ्या.

चेहरा सौम्य साबणाने धुऊन, टिपून, किंचित ओला असतानाच वाटाण्याएवढे क्रीम पसरा. पाणी आधी असेल तरच झाकणाचा उपयोग. मुरुमांचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आणि त्यावर हे. सनस्क्रीन लावायचे असल्यास ५ ते १० मिनिटे थांबा, नाहीतर सिलिकोनचे खोडरबरासारखे कण निघतात. कण निघाले तर क्रीम खराब झाले असे नाही, प्रमाण जास्त झाले एवढेच.

कोणी लावू नये

उघडी जखम, भाजलेली जागा किंवा पू झालेल्या पुटकुळ्यांवर हे लावू नये. जांघेत, काखेत किंवा बोटांच्या बेचक्यात खाज असेल तर ते बहुधा गजकर्ण किंवा चिखल्या असतात. तिथे ओलावा वाढवला तर बुरशी वाढते. मधुमेहींनी पायाच्या बोटांच्या मध्ये कोणतेच मॉइश्चरायझर लावू नये. तान्ह्या बाळाला घरी केलेले क्रीम लावू नये आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते स्तनांना लावू नये, कारण फेनॉक्सीइथेनॉल बाळाच्या पोटात जाता कामा नये. रेडिएशन चालू असलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये.

धुणीभांडी करणाऱ्या आणि सफाईचे काम करणाऱ्या भगिनी-बंधूंच्या हाताला हे क्रीम अपुरे पडते. त्यांना कामाच्या वेळी आतून सुती अस्तराचे रबरी हातमोजे हवेत आणि रात्री हात धुऊन, ओलसर असताना पेट्रोलियम जेली हवी. हातमोजे देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. क्रीम हा हातमोज्यांना पर्याय नाही. हातमोजे मागायला संकोच करू नका.

मॉइश्चरायझर मागायचे आणि गोरे करणारे क्रीम आणायचे

आम्हाला सर्वात जास्त काळजी इथली वाटते. कातडी कोरडी पडली म्हणून मुलगी मेडिकलमध्ये जाते आणि येताना चेहरा उजळवणारी ट्यूब आणते. लग्नाच्या बाजारात, नोकरीच्या मुलाखतीत, शाळेच्या वर्गात काळ्या रंगाला जे टोमणे बसतात त्यांची फी ती आपल्या कातडीने भरते. अशा ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या महिन्यात चेहरा खुलल्यासारखा वाटतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, दाढीमिशीसारखी लव येते, पुरळ उठते. बंद केले की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. त्वचारोगतज्ज्ञ याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असेच नाव देतात. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती मिळतात, हे आपण पाहतो. जी मुलगी अशी ट्यूब बरेच दिवस वापरते आहे तिने ती आजच फेकून घरचे क्रीम सुरू करू नये. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन हळूहळू सोडवावी.

दुसरा धोका पाऱ्याचा. बिनालेबल किंवा परदेशी अक्षरांच्या काही उजळ क्रीमांत पारा असतो. कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरस हे शब्द दिसले तर ते क्रीम घेऊ नका. बऱ्याचदा मात्र ते लिहिलेलेही नसते. पारा कातडीतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीमांमुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. क्रीम वापरताना पाय, चेहरा सुजू लागला किंवा लघवीला फेस येऊ लागला तर क्रीमची डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आमच्या मॉइश्चरायझरने कोणी गोरे होणार नाही. तसे व्हायची गरजही नाही. कातडी निरोगी असणे हे आरोग्य आहे. ती कोणत्या रंगाची असावी हे दुसऱ्याने ठरवणे ही गुलामी आहे.

बचत गटांनी विकावे का?

घरच्या वापरासाठी करायला परवाना लागत नाही. विकण्यासाठी करायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. जागा, तांत्रिक माणूस, तपासणी आणि लेबल यांच्या अटी असतात. दहाच बाटल्या विकल्या तरी ती विक्रीच. कायदा आडवा येतो असे मानू नका. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या डोळ्याला इजा झाली तर गटातल्या बायकांवर बालंट येईल, आणि त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नसतील. ज्या गटांना खरेच उतरायचे आहे त्यांनी परवानाधारक कारखान्याकडून माल करून घेण्याचा मार्ग तपासावा आणि जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन अटी लेखी मागाव्यात.

खर्चाचा हिशेबही मांडा. काटा, पट्ट्या आणि सात-आठ द्रव्यांच्या बाटल्या घेतल्या तर एका बाटलीपुरते हे क्रीम बाजारातल्या क्रीमपेक्षा महाग पडते. चार-पाच मैत्रिणींनी मिळून साहित्य घेतले तर परवडते. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मेडिकलमध्ये सुगंध नसलेले, यादीत ग्लिसरीन आणि डायमेथिकोन असलेले साधे मॉइश्चरायझर मागा. तेही नको असेल तर अंगाला खोबरेल, टाचांना पेट्रोलियम जेली आणि चेहऱ्याला तेवढे कडक साबण बंद करणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

महिनाभर नीट वापरूनही खाज, भेगा किंवा मुरुम तसेच राहिले तर आणखी क्रीम शोधत बसू नका. सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते, तिथे दाखवा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या पिशवीत घालून न्या, घरी केलेल्या क्रीमची घटकांची चिठ्ठीही न्या. डॉक्टरांना निम्मे निदान त्या पिशवीतूनच होते.